तीन वाटाडे आणि काष्टीची गाडी

— नाही हो दादा, गाडी मिळाली म्हणजे झालं असं नसतं, किल्ली ठेवा जरा खिशात आणि हे तीन वाटाडे बघा — बसा ना, खुर्ची हलते पण पडत नाही — गाडी म्हणजे नुसती चाकं, वाट कोण सांगणार? मोबाईल? सगळे तेच म्हणतात. राजूरला चाललाय ना तुम्ही, मित्राकडं, आणि तिथून पुढं डोंगरात? मग अकोले गावापर्यंत तुमचा मोबाईल पोपटासारखा बोलेल, पुढं घाटात रेंज गेली की त्याची वाचाच बसेल, आणि काचेपाशी उन्हात ठेवलात तर असा तापेल की वर भाकरी भाजून घ्यावी. या वाटाड्यांचं तसं नाही. नकाशा यांच्या पोटात, आणि वर उपग्रहाशी थेट बोलणं, मधे कुणाची रेंज लागत नाही. काचेला चिकटवायचा, गाव टाकायचं, निघायचं. भाड्याच्या गाडीबरोबर एक फुकट. पण निवडायचा तुम्ही! मी निवडून देणार नाही. का? तत्त्व. मी शॅरन साळवे, ग्लासगोला नकाशाशास्त्र शिकले आणि परत आले ती हे ठरवूनच, की आपल्या जिल्ह्यात माणसाला वाट निवडायचं स्वातंत्र्य मिळालं पाहिजे, आणि निवडण्याआधी सगळं खरं कळलं पाहिजे. ती पाटी वाचलीत? 'इथे खरे सांगितले जाते.' मम्मी म्हणते, ती वाचूनच गिऱ्हाईक घाबरतं.

बाहेर बाकावर कोण? कुणी नाही. नका बघू तिकडं. खाकी शर्ट आणि मांडीवर बॅग, तेच ना? पप्पा आहेत माझे. सांगते, सगळं सांगते, आधी हा पहिला बघा.

हा परदेशी. स्वभाव फार गरीब. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणतो, आणि नाही वळलात तरी चिडत नाही, बिचारा दुसरी वाट शोधायला लागतो. पडदा मोठा, आवाज गोड. दोष? आहे ना — गावांची नावं अशी घेतो की गावानंही स्वतःला ओळखू नये. आणि आपलं शहर! याला अहमदनगर माहीत आहे, त्या दुसऱ्याला अहिल्यानगर माहीत आहे, आणि 'नगर' म्हटलं की दोघंही विचारतात, कोणतं? अख्खा जिल्हा ज्याला नगर म्हणतो ते गाव यांच्या पोटातच नाही. असो. चालतो. हा दुसरा छोटा — याला जवळची वाट आवडते. फारच आवडते. अंतर कमी भरलं की झालं, मग तो रस्ता आहे का शेताचा बांध, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गेल्या वर्षी पुण्याचे पार्थ म्हणून एक जण राहुरीच्या अलीकडं याच्या नादानं वळले, ते थेट अजिनाथकाका म्हणून एक शेतकरी आहेत त्यांच्या गोठ्यात. गोठ्याजवळ नाही हो, गोठ्यात! पुढं म्हैस, मागं म्हैस, आणि हा म्हणतो, 'आपण पोहोचला आहात.' अजिनाथकाकांनी आधी चहा पाजला आणि मग विचारलं, कोण तुम्ही? यंदा पार्थ हुरडा खायला पुन्हा तिथंच गेले — हाच वाटाड्या मागून घेऊन, कारण दुसऱ्या कशालाच तो पत्ता सापडत नाही.

टकटक ऐकू येतेय का? ते पप्पाच. राग आला की खिशातला तिकिटाचा जुना पंच वाजवत बसतात. आता तुम्ही तिसऱ्याला हात लावला नाही म्हणून वाजतोय. लावा ना हात. उचला. जड आहे? असणारच, आत खरी घंटा आहे. भंगारातून आणली पप्पांनी, एसटीची. एकदा टिंग म्हणजे थांबा, दोनदा टिंग टिंग म्हणजे सुटा. या वाटाड्यातला आवाज पप्पांचा आहे — शलमोन साळवे, कंडक्टर, उभी नोकरी नगर-राजूर गाडीवर, गेल्या मे महिन्यात रिटायर झाले. मला वाटलं, आपल्या माणसाला वाट आपल्या मातीतल्या आवाजानं सांगावी, आणि पप्पांनाही काही उद्योग होईल — कारण घरात बसून काय करायचे माहितेय? मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली की म्हणायचे, "दार सोडा, म्होरं सरका, मागं लई जागा हाय." मम्मी म्हणाली, शॅरन, एक तर यांना काम दे, नाहीतर मला पास काढून दे.

आवाज भरताना खाकी शर्ट घातला, खांद्याला बॅग अडकवली, त्याशिवाय तोंड उघडेना. मी म्हटलं, पप्पा, अगदी तुमच्या पद्धतीनं सांगा. ही माझी चूक. कारण कंडक्टर — हे मला ग्लासगोला कुणी शिकवलं नव्हतं — कंडक्टर उभ्या जन्मात समोरचा रस्ता बघतच नाही! रस्ता बघायचे ड्रायव्हर, गोरक्षनाथकाका. पप्पांचं तोंड माणसांकडं, पाठ काचेकडं, बोटं तिकिटात. वळण आलं हे त्यांना तोल गेला की कळायचं. म्हणून हा 'डावीकडे वळा' म्हणतच नाही. हा म्हणतो, "उजवीकडं कलंडनार हाय, दांडी धरा." आता गाडी डावीकडं वळली की माणूस उजवीकडं कलंडतो, म्हणजे उजवीकडं कलंडणार म्हटलं की आपण डावीकडं वळायचं — सोपं आहे, सवय होते — मला नाही झाली, पण होत असणार. आणि दांडी नाहीये तुमच्या गाडीत, ते सोडून द्या. वळण जवळ आलं की म्हणतो, "येतंय... येतंय... आलं..." आणि मग, "गेलं."

एवढंच असतं तर चाललं असतं हो. पण स्टँड! वाटेतल्या प्रत्येक स्टँडात हा गाडी आत घालायला लावतो. मी म्हटलं, पप्पा, खासगी गाडीला स्टँडात काय काम? तर म्हणाले, "स्टँड टाळून गाडी नेऊ? लोकं उनात उभी आसत्यात आन आपन भायेरनं जायाचं व्हय?" नीलांबरी मॅडम, पुण्याच्या प्राध्यापक, त्यांनी भिडेखातर नेला हा. राहुरीच्या स्टँडात गाडी घेतली, टिंग झालं, मॅडम थांबल्या, आणि मागचं दार उघडून कडूबाई नावाच्या आजी मेथीच्या जुड्या घेऊन आत बसल्या. मागून आणखी दोघं. मॅडम म्हणतात, अहो, ही बस नाही. आजी म्हणतात, "मग घंटी कशी वाजली?" आणि तेवढ्यात वाटाड्या म्हणतो, "सुटे काढून ठेवा." झालं! आजींनी पदराची गाठ सोडली. मॅडमनी सगळ्यांना कोल्हारला नेऊन उतरवलं, आणि परत येऊन हा माझ्या टेबलावर असा आपटला की आपोआप टिंग वाजली. पप्पा शांतपणे म्हणाले, "ड्रायव्हर कच्च्या हायेत."

त्यानंतर कुणी नेलाच नाही. मी प्रत्येकाला सगळं खरं सांगते ना — आत्ता तुम्हाला सांगितलं तसं — आणि सगळं ऐकून कोण नेणार? बॅग बघितलीत ना त्यांच्या मांडीवर? कपडे आहेत त्यात. गोरक्षनाथकाकांनी काष्टीला पोल्ट्री काढलीय, राखणीला माणूस हवाय. पप्पा काल जेवताना म्हणाले, "उद्याच्या गिऱ्हाइकानं माझा घंटीचा डबा न्हाई नेला तर काष्टीच्या गाडीनं मी चाललो. मानसं ऐकत न्हाईत, कोंबड्या ऐकत्यात का बगतो." मम्मीनं न मागता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. उद्याचं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. आणि तो समोर स्टँड, काष्टीची गाडी लागायची वेळ झाली. नाही, नाही, तुमच्यावर दडपण आणत नाहीये मी! तुमचं स्वातंत्र्य ते स्वातंत्र्य. घाटात जायचंय, पहिलाच घ्या, शहाणा माणूस पहिलाच घेईल. तिसरा घेऊ नका. म्हणजे घेतला तर — पण घेऊ नका. खरं सांगते.

मग ठेवलाय कशाला, म्हणता? आता कसं सांगू. ग्लासगोला असताना एकदा भाड्याची गाडी घेऊन एकटीच फिरायला गेले होते, डोंगराळ भागात, काचेला असाच शहाणा वाटाड्या. तो म्हणाला, 'शक्य तिथे मागे वळा.' मी वळले. पुन्हा म्हणाला, मागे वळा. पुन्हा वळले. धुकं, माणूस नाही, नुसत्या मेंढ्या. आणि वाटाड्यांवर प्रबंध लिहिणारी ही मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती — हे नव्हतं सांगायचं मला. फोनला रेंजची एक काडी होती, पप्पांना लावला. पप्पा ड्युटीवर, चालत्या गाडीत. म्हणाले, "शॅरू, पाटी वाच." पाटी नाही पप्पा. "मग काय दिसतंय?" मेंढ्या. "मग धनगर आसंल जवळ, त्येला इचार." पप्पा, इथं धनगर नसतात हो! "मेंढ्या काय एकट्याच येत्यात व्हय गं? — दोन फुल्ल एक हाफ — तुला न्हाई, तू बोल." तोवर सगळ्या गाडीला कळलं होतं. कुणी म्हणतंय, डोंगर डाव्या हाताला ठेव म्हणावं. कुणी म्हणतंय, इंजिन बंद कर म्हणावं, तेल जळतंय. एक बाई मागून ओरडतेय, आधी जेवली का इचारा! आणि आला हो धनगर! चार चाकांच्या फटफटीवर, मागं कुत्रा बसलेला. त्यानं वाट दाखवली. पप्पांनी काय केलं? काही नाही. ग्लासगो कुठल्या दिशेला हेही त्यांना माहीत नव्हतं. पण अकोले सोडून घाटात रेंज जाईपर्यंत फोन ठेवला नाही त्यांनी. मी हे प्रबंधात लिहिलं, की चुकलेल्या माणसाला वाट नंतर लागते, आधी कुणीतरी बोलत राहणारं लागतं. सरांनी समासात लिहिलं, पुरावा काय?

काय? ... पहिला. बरं. नाही, नाही, योग्यच निवडलात. मीच म्हटलं ना. हा घ्या, ही चिकटवायची चकती, ही वायर. चला, काचेला लावून देते. पप्पांकडं बघू नका जाताना. पंच थांबला बघा. उठले. बॅग खांद्याला लावली. आणि ती काष्टीचीच गाडी लागली ना समोर? तीच. वेळेवर यायला हिला आजचाच दिवस सापडला. बसा तुम्ही, बेल्ट लावा. मागं घ्यायची गाडी, जागा अडचणीची आहे — इकडं गटार, तिकडं रसवंती, मधे विजेचा खांब. हा वाटाड्या? हा नाही सांगणार. गाडी मागं घेताना हे सगळे मुके असतात. घ्या हळूच, मी बघते, या, या —

शिट्टी! ऐकलीत? थांबा, आरशात बघा, कोण आलंय मागं? पप्पा! अहो रस्ता ओलांडायला निघाले होते ते, रिव्हर्सची पीं पीं ऐकली आणि वळले. बॅग बघा रसवंतीच्या टेबलावर ठेवली! कंडक्टरच उतरून गाडी मागं घेऊन देतो ना हो, प्रत्येक स्टँडात, प्रत्येक फेरीला — समोरचा रस्ता नसेल बघितला त्यांनी, पण मागचा! मागचा रस्ता त्यांच्याइतका कुणी बघितलाय? ऐका, "येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला घ्या" — डाव्या म्हणतायत! कलंडा नाही, दांडी नाही, सरळ डाव्या! अगं बाई, हाच आवाज भरायचा होता मी. हाच. मागं घ्यायचा वाटाड्या! जगात कुणाकडं —

दादा, एक ऐका. काच खाली घ्या अजून. हळू बोलते. काष्टीच्या गाडीत ड्रायव्हर चढला. तुम्ही छान चालवता ते कळलं मला, पण आता नका छान चालवू. पुढं घ्या. घ्या हो पुढं, पुन्हा मागं घ्या. वाकडी घ्या. त्यांना 'न्हाई, न्हाई, म्होरं घ्या' म्हणू द्या. गटाराकडं जाऊ द्या जराशी — पडणार नाही, ते आहेत ना मागं. आता बंद पाडा. कशाला काय विचारता, बंद पाडा म्हणते ना! क्लच सोडा एकदम! ... शाब्बास. आता चालू होत नाही असं करा. करा ना तोंड तसं. "कच्चा हाय ड्रायव्हर," ऐकलंत? तुम्हालाच म्हणाले. किती खुशीत म्हणाले! दुसरी गाडी आहे काष्टीला, संध्याकाळी आहे, पण तोवर जेवण होतं, झोप होते, आणि पप्पांचा राग पुढच्या थांब्याच्या पलीकडं कधी गेलेला नाही. ती बघा, हलली. वळली. स्टँडाच्या बाहेर... गेली! त्यांनी बघितलंसुद्धा नाही, तुमच्या मागच्या चाकाकडंच बघतायत. आता करा चालू. या, या, सरळ. बास.

ही पाटी? हो, खरंच सांगितलं जातं इथं. त्यांनी काही विचारलं असतं तर सांगितलं असतं की. विचारलं नाही.

मागं थाप पडली बघा. आणखी एक. दोन झाल्या ना? मग अजून काय थांबलाय? दोन म्हणजे सुटा. सुटा, सुटा, निघा.