निस्तं माळरान

घोडेगाव स्टँडवर माझ्या शेजारी बसलेले, प्लॉट विकणारे चांगदेवराव तळेघरच्या गोजरबाईंना मोबाईलवर जुने फोटो दाखवत होते.

“आमची लेक श्रेया ऱ्हाती ते अमेरिकेतलं डेन्व्हर. पावणेदोनशे वर्सांपूर्वी निस्तं माळरान व्हतं, मावशी. कुणी म्हणून नाय.”

“मंग कडंच्या ह्या पालांतून धूर कसा निघतोय? चूल पेटलीय की.”

“ती व्हती आधीची माणसं. आता धा वर्सांनंतरचा बघा. बँक, हॉटेल, लई सुधारलं!”

“अन् ती पालं?”

“ती नाय ह्यात.”

“आमच्या डोंगरावर बी तुमी असंच करणार म्हणं?”

“अगदी असंच!”

“मंग उद्या सकाळी घरी या, भाऊ. चूल पेटवून ठेवते. पयला फोटो धुरासकट काढा.”