तीन वाजताचं बीपी

(इंदूर, परदेशीपुरा. निधी सिस्टरचं घर, सकाळची वेळ. तिचे सासरे शंकरराव दारापाशी खुर्ची टाकून बसलेले.)

शंकरराव: आधी मोबाईल त्या टीव्हीवर ठेवा, मॅडम. स्क्रीन खाली. मग बोला.

निधी: बाबा, असं काय करता? घरी आल्यात त्या.

शंकरराव: घरी आल्यात म्हणूनच. दवाखान्यात कॅमेरे आहेत. इथे मी आहे.

शर्वरी: ठेवते, काका. पण त्यातलाच एक फोटो सिस्टरना दाखवायचाय. तो दाखवते आणि ठेवते.

निधी: कसला फोटो?

शर्वरी: आईच्या चार्टचा. बावीस तारखेचा. मी जेवायला घरी निघाले तेव्हा काढला, पुण्याला भावाला पाठवायला. बीपी बघ, आई ठीक आहे, म्हणून.

निधी: ताई, बसा ना आधी.

शर्वरी: फोटोवर वेळ आहे, दोन वाजून वीस. आणि त्यात तीन वाजताचं बीपी लिहिलेलं आहे. चार वाजताचंही. चार वाजता आई नव्हतीच. तीन चाळीसला डॉक्टरांनी सांगितलं.

शंकरराव: निधी, एक शब्द बोलू नकोस.

शर्वरी: दवाखान्याने परवा फाइलची कॉपी दिली. त्यात हे पान वेगळं आहे. चारचा रकाना रिकामा. तीनला बीपी नव्वद, शेजारी 'डॉक्टरांना कळवले'. अक्षर मात्र तेच.

निधी: माझंच आहे. दोन्ही पानं माझीच.

शंकरराव: हे भगवान.

निधी: संध्याकाळी इन्चार्ज मॅडमने समोर बसवलं. त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेले. जुनं पान त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकलं.

शर्वरी: आणि ते जुनं? ते कुणी सांगितलं होतं लिहायला?

निधी: ते कोणी सांगत नाही ताई, ते तर रोजचंच. मतलब, दोनला ड्युटीवर आलं की आधी सगळ्या चार्टवर पुढचे दोन-तीन तास भरून टाकायचे. मागच्या रीडिंगच्या आसपास काहीतरी. मग काम सुरू.

शर्वरी: न मोजता.

निधी: न मोजता. सव्वीस पेशंट होते त्या दिवशी. ऑपरेशनचा वॉर्ड, सगळ्यांचं दर तासाला घ्यायचं. रोस्टरवर आम्ही दोघी. पण साडेतीनला ती सर्टिफिकेटवाली टीम दवाखाना तपासायला येणार होती, तर दुसरीला फाइली लावायला खाली बोलावलं. एका पेशंटचं बीपी, पल्स, ऑक्सिजन, चार मिनिटं तर धरा. सव्वीस चोक किती?

शंकरराव: एकशे चार.

निधी: आणि तास साठ मिनिटांचा.

शर्वरी: नाही जमलं तर रकाना रिकामा सोडता येतो.

निधी: रिकामा रकाना टीमला दिसतो. चुकीचा नाही दिसत.

शंकरराव: हे खरंय, मॅडम. मी मिलमध्ये टाइमकीपर होतो. साहेब राउंडला यायचा असला की आमची हजेरी अर्धा तास आधीच भरून तयार.

शर्वरी: त्याने कधी काही बिघडलं?

शंकरराव: एकदा. हजेरी लावली, आणि तो पठ्ठ्या घरी झोपलेला. साहेबाने नेमकी त्यालाच हाक मारली. दोन दिवस सस्पेंड. पण कोणी मेलं नाही... चहा घेता?

शर्वरी: बिनसाखरेचा असेल तर घेईन.

शंकरराव: इंदूरात बिनसाखरेचा? तो फक्त सूनबाईंच्या वॉर्डात मिळतो. बघतो.

निधी: जाऊ द्या त्यांना. मनात काही नसतं त्यांच्या.

शर्वरी: उद्या अकराला मला बोलावलंय. मी तक्रार केली म्हणून कमिटी बसवलीय त्यांनी. जबाब लिहून न्यायचाय. हा फोटो भावाशिवाय कुणी पाहिलेला नाही, आणि त्याच्या हे लक्षात आलेलं नाही.

निधी: दिलात तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. नोकरी तर जाईलच, पण रजिस्ट्रेशन गेलं की मग कुठेच नाही. हातोदच्या चार खाटांच्या नर्सिंग होममध्येपण नाही घेणार.

शर्वरी: माहीत आहे. म्हणून आधी इथे आले.

निधी: आणि नाही दिलात तर?

शर्वरी: तर आईवर पूर्ण लक्ष होतं, डॉक्टरांना वेळेवर कळवलं, तरी ती गेली. फाइल असं म्हणते. सिस्टर, तुम्ही तिच्याकडे गेलात ती वेळ खरी कुठली?

निधी: तीन सोळा. बेल वाजली. दम लागला होता त्यांना, ओठ निळे पडलेले. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. ते ऑपरेशनमधून धावत आले.

शर्वरी: म्हणजे बेल वाजल्यावर लगेच.

निधी: ती दुसरी बेल होती.

शर्वरी: पहिली कधी?

निधी: तीन पाचला. आईंची, म्हणजे आठ नंबरच्या खाटेची, आणि एकोणीसची. दोन्ही एकदम. चार्ट सगळे टीमसाठी टेबलावर आणून लावले होते, आईंचा वरच होता. मी बघितलं. तीनचं बीपी एकशे चोवीस-अठ्ठ्याहत्तर, ऑक्सिजन सत्त्याण्णव. म्हटलं, आठ नंबर ठीक आहे, पाणी-बिणी हवं असेल. एकोणीसकडे गेले. त्याची सलाइनची सुई निघाली होती, चादरभर रक्त.

शर्वरी: पण ते एकशे चोवीस तुम्हीच...

निधी: मीच लिहिलेलं. तासाभरापूर्वी. सच्ची सांगते ताई, त्या वेळेला मला वाटलं, आत्ताच कुणीतरी मोजलंय.

शर्वरी: अकरा मिनिटं.

निधी: अकरा.

शर्वरी: तेवढ्यात काही झालं असतं?

निधी: पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असं डॉक्टर म्हणाले. मग कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित आयसीयूत नेलं असतं आणि वाचल्या असत्या. दोन्ही उत्तरं मी रोज देते स्वतःला.

शर्वरी: पहिल्या बेलचं कुणाला माहीत आहे?

निधी: कुणालाच नाही. बेलची नोंद होत नाही आमच्याकडे.

शर्वरी: मग मला का सांगितलंत?

निधी: तुम्ही 'लगेच' म्हणालात.

शंकरराव: घ्या. साखर घातलीच आहे थोडी, हात थांबत नाही. काय लिहिताय मॅडम?

शर्वरी: उद्याचा जबाब. बोलता बोलता लिहीत होते, झालाय जवळजवळ. वाचते. 'बावीस तारखेला दुपारी सव्वीस रुग्णांमागे एकच परिचारिका होती. दुसरीला तपासणी पथकाच्या कामासाठी खाली नेलं होतं. न मोजता चार्ट आधीच भरून ठेवायची या वॉर्डात रोजची पद्धत आहे. सोबत फोटो जोडला आहे. आईच्या मृत्यूनंतर हे पान बदललं. नवं पान इन्चार्जनी परिचारिकेला सांगून लिहून घेतलं. तीन सोळाला आईने बेल वाजवली. परिचारिका आली आणि तिने उपचार सुरू केले.'

शंकरराव: अरे, हे तर... मॅडम, हे फार चांगलं लिहिलंत. पोरीचं निभावेल यात. निधी, हात जोड.

निधी: पहिली बेल राहिली.

शर्वरी: राहू दे.

शंकरराव: राहू दे ना बेटा! त्या स्वतः म्हणतायत.

निधी: नाही बाबा. ती नाही लिहिली तर एवढंच दिसतं की मी एकटी होते; खोटा चार्ट बघून मी गेले नाही, हे राहूनच जातं. मग ते अजून एक सिस्टर देतील. आणि दोघी मिळून चार्ट आधी भरतील.

शर्वरी: लिहिली तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही.

निधी: कळतंय मला.

शर्वरी: आणि ते अकरा मिनिटांचं घरच्यांना सांगावं लागेल. भावाला. माझ्या बाबांना.

निधी: हो.

शंकरराव: मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही समजवा तिला. आज आठ नंबरवर दुसरं कुणी झोपलं असेल, त्याचं आपल्याला काय?

निधी: बाबा, बसा तुम्ही.

शर्वरी: काका, चहा इथे ठेवा. सिस्टर, तीन पाचपासून सांगा. तुम्ही टेबलापाशी होतात.

निधी: हो. उभी होते. दोन बेल एकदम वाजल्या...

शर्वरी: सावकाश. लिहितेय मी.