टिकली आरशावर होती

ताट मी उपडं केलं, हे आधी लिहा. पण घरोघर कुंकू लावत यायचं आणि माझ्या दारात हात मागे घ्यायचा, ही कुठली रीत? हवालदार मॅडम म्हणतात, आधी नाव सांगा. मग घ्या नाव. लंकाबाई नाथा बोराडे, वय ४९, काम मेसमध्ये पोळ्या लाटण्याचं, राहणार पाथर्डी फाटा, नाशिक. ठाण्यात बोलावलं म्हणून हजर आहे. समक्ष सांगते ते असं.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत मतं मागायला बायका आल्या. प्रत्येक दारी हळदीकुंकू, हातात पत्रक, "लक्ष असू द्या". माझं घर गल्लीच्या टोकाला, शेवटचं. तिकडे कोणी येत नाही. आवाज ऐकून मी चहा टाकला, कप विसळले, दार उघडून उभी राहिले. नुकतीच न्हाले होते. टिकली मोरीतल्या आरशाला चिकटवलेली, ती लावायची राहून गेली.

ताटवालीचं नाव स्नेहा, हे मला इथे आल्यावर कळलं. तिने कुंकवात बोट बुडवलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि बोट पदराला पुसलं. "मावशी, मत तेवढं आपल्याला द्या." पत्रक हातात कोंबलं आणि वळली.

मी म्हटलं, "ए बाई, नवरा हाय मला."

"मग बोलवा की काकांना. कुठेत? त्यांचंही मत पाहिजे आपल्याला."

मागून एक म्हणाली, "झोपलेत का अजून?" सगळ्या हसल्या.

मी ताट हाताने उडवलं. तिची साडी खराब झाली हे खरं. साडी पाठवा, धुऊन देते. माफी मागणार नाही. चहा मोरीत ओतला.

माझे पती नाथा दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, सिन्नरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जातो म्हणून निघाले. जीपमध्ये बसताना लोकांनी बघितलं. कंपनीत पोचले नाहीत. तक्रार मी याच ठाण्यात, याच टेबलावर दिली. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, घरात भांडण होतं का? नव्हतं. डबा घेऊन गेले होते. डबा घेऊन कोणी घर सोडत नाही. साहेब म्हणाले, कळवतो. कोणी आलं नाही. तेव्हापासून माझ्या दारात येऊन माणूस कुठे आहे असं विचारणारी ही स्नेहाच पहिली.

वरचं सगळं मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. चहाचं वाक्य गाळू का म्हणाल्या, मी नको म्हटलं.

सही करायच्या आधी खाली एवढं वाढवा. गुरुवारी मतदान आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत आमच्या मालकांचं काय झालं ते मला घरी येऊन, तोंडावर सांगा. असतील तर टिकली लावून जाईन. नसतील तर तशीच जाईन. "तपास चालू आहे" हे उत्तर मी घेणार नाही. दार उघडं ठेवते.