बापाच्या हातची वेणी

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड पेटवे, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती मिस व्हर्लीन टिस्डेल, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सेंट लुईसकर बंधू-भगिनींनो,

रेव्हरंडांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. रविवारी ते स्वतः किती थोडक्यात बोलतात, हे आपण जाणतोच! हसू नका, त्यांचं लक्ष आहे.

या चर्चच्या तळघरात मिस व्हर्लीन यांनी दर शनिवारी आई-बापांचा वर्ग चालवला. नवरा-बायकोनं भांडायचं कसं, लेकरांचे केस विंचरता विंचरता त्यांच्या मनातलं काढून घ्यायचं कसं, हे तिथे शिकवलं जायचं. त्यांच्या कार्याचा गौरव इतरांनी केलाच आहे. मी एकाच शनिवारबद्दल बोलणार आहे.

तेव्हा मी नवऱ्याचं, अर्विनचं, घर सोडून आमच्या लेकीला, नायलाला, घेऊन बहिणीकडे राहत होते. त्याची नोकरी गेली होती, आवाज चढत चालला होता. त्यानं हात कधी उगारला नव्हता. पण उद्या उगारणार नाही, ही खात्री मला उरली नव्हती. त्या दिवशी वर्गात मी नायलाच्या वेण्या घालत होते. अर्धं डोकं झालं होतं, आणि दार धाडकन उघडलं.

"नायला, कोट घाल. घरी चल."

"अर्विन, इथे तमाशा नको," मी म्हणाले.

"तमाशा? माझी पोरगी मला दिसू देत नाहीस, आणि तमाशा मी करतोय?"

कुणीतरी घाबरून पोलिसांना फोन लावला. लावणाऱ्याला मी दोष देत नाही. पण चिडलेल्या काळ्या माणसासाठी पोलीस आले की काय होऊ शकतं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला हवं का?

मिस व्हर्लीन उठल्या. "अर्विन ना तू? पोरीला अशी अर्ध्या डोक्यानं रस्त्यावर नेणार? बस खाली. वेणी पुरी कर."

"मला नाही येत वेण्या."

"येतात का, असं विचारलं का मी? रोशेल, चालेल ना तुला?"

मी मान हलवली आणि जागा दिली. अर्विन बसला. कंगवा उचलला आणि एक बट हातात घेतली.

"पप्पा, ओढू नको ना, दुखतं!" नायला म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. दोन पोलीस. धाकट्याचा हात पिस्तुलावर. "हात दाखव!"

अर्विनच्या मुठीत स्टीलच्या लांब टोकाचा कंगवा होता, दुरून सुरीच वाटावा असा. तो दचकून उठला असता, तर?

मिस व्हर्लीन मधे उभ्या राहिल्या. आवाज जराही चढला नाही. "अर्विन, कंगवा सोड. पडू दे खाली. हात पोरीच्या डोक्यावरच ठेव. साहेब, दिसतायत ना हात?"

थोरल्यानं मला विचारलं, "बाई, या माणसापासून तुम्हाला धोका आहे?"

सगळं तळघर माझ्याकडे बघत होतं. फक्त मिस व्हर्लीन यांनी मान मुद्दाम दुसरीकडे वळवली.

मी अर्विनकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"आत्ता नाही," मी म्हणाले.

पोलीस गेले. अर्विननं वाकड्यातिकड्या वेण्या पुऱ्या केल्या, नायलाच्या कपाळावर ओठ टेकले आणि एकटाच निघून गेला.

नंतर मी मिस व्हर्लीनना विचारलं, "तुम्ही मला खुणावलं का नाही? मी 'हो' म्हणाले असते तर?"

"तर तुझ्या बाजूला उभी राहिले असते. भीती तुझी होती, बाळा. उत्तर मी कसं देणार?"

आम्ही पुन्हा एका घरात राहिलो नाही. पण शनिवारी त्यांच्यासमोर बसून भांडलो. "मन भरून भांडा, पण पोरीला साक्षीला बसवू नका," असं म्हणून त्या नायलाला वर खेळायला पाठवायच्या. हळूहळू शाळेच्या कार्यक्रमांना आम्ही शेजारी बसू लागलो. मग अर्विन इतर बापांना घेऊन वर्गाला येऊ लागला.

गेल्या महिन्यात मिस व्हर्लीन मला म्हणाल्या, "हा वर्ग मी अर्विनच्या हाती देणार आहे. तुला पटत नसेल तर देणार नाही." मी घरी गेले, विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून 'द्या' म्हणाले.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर माफ करा. आणि माफ करवत नसेल तर ते पोटात घेऊन घरी जाऊ नका. खाली जेवायला या, माझ्यासमोर बसा आणि तोंडावर सांगा.