पोटावरचा फोड

हॅलो? … हां, बोला मॅडम! मासा तयार आहे तुमचा. गाडी निघाली ना? … अहो, झकास झालाय! कपाळावरचा दिवा लागतोय, आणि दात तर असे, की माझं मलाच जवळ जावेना. म्युझियममध्ये पोरं किंचाळणार, लिहून ठेवा…

हो, हो, मादीच. खोल समुद्रातली, काळीकुट्ट, तोंड हे एवढं… पोटावर? पोटावर काही नाही. गुळगुळीत केलंय.

तुमच्या साच्यातून आला होता ना फोड! साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की येतोच तसा. जन्म गेला माझा साचे ओतण्यात, एवढं कळत नाही होय मला? पात्याने उडवला आणि वरून पॉलिश…

काय?

नवरा?

मॅडम, सकाळी सकाळी चेष्टा नको. बोटाच्या पेराएवढा नवरा? आणि ही बया टोपलीएवढी? … वासावरून शोधत येतो… बरं… पोटाला चावतो… अगं बाई! आणि सोडतच नाही? … कातडीला कातडी जुळते… रक्तसुद्धा तिचंच? फुकट्याच की हो! … डोळे जातात, आतडी जातात… मग उरतं काय त्याचं? … हं. … कळलं, कळलं! पुढचं नका सांगू, आमचे हे इथेच बसलेत.

अहो, रडू नका ना! … पाटीवर ‘जोडपं’ लिहिलंय? बाणसुद्धा काढलाय? अरे देवा… हो, पहिलंच दालन तुमचं, साहेब चूक काढायला टपलेत, ठाऊक आहे मला… चारला उद्घाटन… थांबा, फोन ठेवू नका.

अहो! ऐकलंत का? तो उडवलेला फोड कुठे गेला? … केर कुणी काढला? …

खरं सांगू मॅडम? हे म्हणत होते, मॅडमनी पाठवलेल्या फोटोतही आहे तो, राहू दे. मीच गप्प बसवलं. तुम्हाला काय कळतंय, म्हटलं… हो, रोजच म्हणते. जीभच मेली तशी…

काय? खिशात? बघू! … मॅडम, सापडला! शाबूत आहे! अगं बाई, शेपटीपण आहे हो याला!

का ठेवला होता? विचारते, थांबा… ‘टाकवेना,’ म्हणतात.

…

नाही, आहे मी फोनवर… काही नाही, पॉलिशच्या वासाने डोळे झोंबतात… येऊ द्या गाडी, नवरा बसतोय लगेच जागेवर… नाही, मी नाही, हेच बसवतील. अहो, या ना, तिकडे कोपऱ्यात काय बसलाय? या, माझ्याजवळ बसा… हो मॅडम, दोघं मिळून घट्ट चिकटवतो. ठेवते.