फ्लेक्सवरचा नकाशा

एक. मंगळवारी दुपारी आमच्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं.
दोन. वाऱ्याने बोट सीमेपलीकडे ओढली गेली.
तीन. शेजारच्या देशाच्या गस्ती बोटीने गोळी झाडली. बोटीचे तांडेल, माझे बाबा, जागीच गेले.
चार. बाबांचा देह परत पाठवला. आपले चार खलाशी अजून तिकडे कोठडीत आहेत.

मंडळी, रेवदंड्याची एकही बोट आज समुद्रात गेली नाही. तुम्ही सगळे इथे आहात. मला बोलायला जमत नाही. मी बोटींवर जीपीएस बसवते. नोंदींचीच सवय, म्हणून आधी नोंद वाचली.

आता नोंदीत नसलेलं सांगते. नारळी पौर्णिमेला प्रत्येक बोटीला एक फ्लेक्स मिळाला. 'समुद्र आमचाच'. खाली नकाशा. त्यात शेजाऱ्याचा किनाराही आपल्याच रंगात.

मी म्हटलं, "बाबा, नकाशा चुकलाय."

ते हसले. "असूदे गो. दणकट हाय. केबिनवर ताडपत्री व्हईल."

आपण सगळ्यांनी तेच केलं ना? फुकटची ताडपत्री म्हणून बांधला. आपण तो नीट पाहिलाच नाही. शेजाऱ्याने पाहिला. गोळीबारानंतरच्या त्यांच्या निवेदनासोबत त्याच नकाशाचा फोटो आहे.

गोळी त्यांनी झाडली. बिनहत्यारी माणसावर. मी माफ करणार नाही. पण त्यांच्या मनात भीती कुणी घातली? आपण.

धुक्यात दोन बोटी जवळ आल्या, की बाबा आधी भोंगा द्यायचे. म्हणायचे, "मोठ्या बोटीनं आधी आवाज द्यावा. ल्हान बोटवाल्याच्या पोटात गोला आलेला असतो." यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

फ्लेक्स वाटणारे आपले पुढारी भाऊसाहेब समोर बसलेत. काल मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, चार खलाशी सुटावेत म्हणून त्या देशाला पत्र द्या. इंजिन बंद पडलं होतं, आणि तो नकाशा सरकारचा नव्हे, तुमचा होता, एवढंच लिहा.

ते म्हणाले, "पोरी, एवढ्याशा देशाला आपण खुलासे द्यायचे? आपली पत काय राहील?"

माझ्यासोबत काशीआत्या होत्या. त्यांचा मुलगा त्या चौघांत आहे. त्या म्हणाल्या, "तुमची पत ऱ्हाऊदे तुमच्यापाशी. माझा पोरगा मला द्या."

भाऊसाहेब, तुम्हाला राग येईल. येऊ द्या. एक पत्र लिहिल्याने जे लहान होतं, ते मोठेपण मला मान्य नाही.

मंडळी, आता बाबांसाठी उभे राहू. घोषणा कुणी देऊ नका.

भाऊसाहेब, पत्राचा मसुदा तुमच्या हातात आहे. सही करणार की नाही, ते सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवा.