तारप्याला पाठ

खोडाळ्याच्या नाक्यावर जीप काही भरत नव्हती. प्रतिभाबाई शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर एक म्हातारं जोडपं होतं, सावळा नि त्याची गौरा. सावळाच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तारपा होता. मिशनच्या जुन्या चर्चचं आता कलाकेंद्र झालं होतं आणि आज तिथं तो वाजवणार होता.

"ज्या चर्चमधून पाद्रीबाबानं तुला हाकललं, तिथंच आता तुला हार घालणार म्हणं!" गौरा म्हणाली.

"हाकलायला मी आत होतो कुठं? दाराशी बसून वाजवत होतो."

"आत आम्हा मिशनच्या शाळेतल्या पोरींची प्रार्थना चाललेली, नि बाहेर तुझा तारपा!"

"मग करायची प्रार्थना. मी अडवलं का?"

"तारप्याला पाठ करून आपल्यात कोण उभं राहतं? सगळ्या पोरी गर्रकन दाराकडं वळल्या, नि पाठ झाली पाद्रीबाबाला!"

"सगळ्यात आधी कोण वळली?"

"मला काय ठाऊक? माझे डोळे मिटलेले."

"मिटलेले? माझ्याकडं तर टकामका बघत होते."

प्रतिभाबाईंनी हसू पदराआड लपवलं.

"बरं, आज शहाण्यासारखा बस. केंद्राच्या साहेबांनी तुझी खुर्ची पुढं मंचावर मांडलीय. मला पहिल्या रांगेत बसवणार आहेत."

"मी मंचावर नाही बसायचा. दाराशीच बसणार."

"का रे बाबा? आता कोण हाकलतंय तुला?"

"कोणी नाही. तू अजून वळतेस का, ते बघायचंय."

गौरानं तिथंच, भर जीपमध्ये, डोळे मिटून घेतले.